बोटांची वाटणी

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका सराफी पेढीत साखरपुड्याच्या अंगठ्या बघायला एक कुटुंब आलं होतं. मुलगा, मुलगी, दोघांच्या आया आणि मुलाची आजी. पसंती झाली, आणि काउंटरमागच्या माणसाने सवयीने विचारलं, "माप कुठल्या बोटाचं घेऊ?" मुलीने डाव्या हाताची अनामिका पुढे केली. मुलाची आई म्हणाली, "अगं, उजव्या हाताचं दे. शुभकार्य आहे." आजींचं तिसरंच, "हात कुठलाही असू दे, तर्जनीत मात्र नको हं." कारण कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. शेवटी दोन्ही अनामिकांची मापं घेतली, तर तीही वेगळी निघाली. उजवीचं १३, डावीचं १२.

तिघींपैकी चुकीचं कोणीच नव्हतं, म्हणून तर हा प्रसंग डोक्यातून जात नाही. अंगठी कुठल्या बोटात घालावी या प्रश्नाला आपल्याकडे एक उत्तर नाहीच. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली उत्तरं एकाच हातावर दाटीवाटीने बसली आहेत, आणि घरातल्या प्रत्येकाने आपापलं एक उचललं आहे.

आजींचं उत्तर सगळ्यांत जुनं. धर्मशास्त्राने तळहाताचे भाग पाडले आहेत. बोटांच्या टोकांशी देवतीर्थ, करंगळीच्या मुळाशी प्रजापतितीर्थ, अंगठ्याच्या मुळाशी ब्रह्मतीर्थ आणि अंगठा नि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात पितृतीर्थ. देवांना पाणी सोडताना ते बोटांच्या टोकांवरून पडतं, तर्पण करताना हात उजवीकडे कलवून बेचक्यातून सोडतात. तर्जनीत चांदी आणि अनामिकेत सोनं अशी जुनी वाटणी आहे, कारण चांदी पितृकार्याला चालते. जप करताना माळ मध्यमेवर घेऊन अंगठ्याने ओढतात, तर्जनी बाजूला धरतात. म्हणजे तर्जनी हे बोट दाखवायचं, दटावायचं आणि पितरांच्या बाजूचं. साखरपुड्याच्या दिवशी तिथे सोनं नको असं आजींना वाटलं, त्यामागे एवढं सगळं आहे. ते त्यांना सांगता आलं नसेल, पण त्यांच्या हाताला ते ठाऊक होतं. गंमत अशी की त्याच घरात एखाद्या काकांच्या तर्जनीत पुष्कराज असतो, कारण ज्योतिषाच्या हिशेबात ते गुरूचं बोट. दोन शास्त्रं, एक बोट, आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. मलाही ती खटकत नाही. हात काय काम करतो आहे त्यावर बोटाचा अर्थ ठरतो, आणि एकच हात दिवसभरात बरीच कामं करतो.

आईचं उत्तर पूजेतून आलेलं. पूजेला, मुंजीला, श्राद्धाला बसताना अनामिकेत पवित्रक घालतात. हे पवित्रक नीट बघावं, कारण माझ्या मते आपल्याकडची सगळ्यांत सुंदर अंगठी तीच आहे. दर्भाच्या काड्या आधी ओल्या करून घ्यायच्या. कोरडा दर्भ वळवला की मोडतो, आणि त्याच्या पात्याची धार बोट कापते. शेंडे एका बाजूला ठेवून काड्यांना पीळ द्यायचा, बोटाला सैलसर बसेल एवढं कडं करायचं, टोकं त्यातून ओवून गाठ मारायची आणि शेंडे पुढे थोडे मोकळे राहू द्यायचे. काड्या किती घ्यायच्या हे कार्यावर आणि शाखेवर ठरतं. शुभकार्याला बहुधा दोन. कडं घट्ट झालं तर आचमनाला हात वाकवताना दर्भ रुततो, फार सैल झालं तर पाणी सोडताना ताम्हनातच जाऊन पडतं. कार्य संपलं की गाठ सोडून दर्भ टाकून द्यायचा. एका कामापुरती केलेली आणि काम झाल्यावर मोडलेली अंगठी. दर्भ नसेल तर अनामिकेतली सोन्याची अंगठी त्याच्या जागी चालते, आणि पुण्यातल्या कित्येक पुरुषांच्या उजव्या अनामिकेत जे साधं सोन्याचं वळं वर्षानुवर्षं असतं त्याचं मूळ इथे आहे. केरळात पय्यन्नूरला तर पवित्रकाच्या गाठीचीच सोन्याची अंगठी घडवतात. देवाला गंध लावायचं तेही अनामिकेने. या बोटाला मान आहे तो असा.

घरातल्या अंगठीचं कामही कधी बोटापुरतं नव्हतं. औक्षणाच्या ताम्हनात निरांजन, अक्षता, हळदकुंकू, सुपारी यांच्या जोडीला सोन्याची अंगठी हवीच, आणि ती कोणाच्या तरी बोटातून त्याच वेळी काढून ठेवलेली असते. बारशाला ताटात तांदूळ पसरून बाळाचं नाव लिहायचं ते सोन्याच्या अंगठीने. सून घरात आली की तिचं नवं नावही तसंच लिहीत. लग्नानंतर पाण्यात टाकलेली अंगठी दोघांनी शोधायची. जावयाला दिवाळसणाला अंगठी, अधिक महिन्यात तेहतीस अनारशांच्या ताटात पुन्हा अंगठी. बाळाला जन्मल्यावर सोन्याने मध-तूप चाटवायची चाल आहे, तिच्याबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्या आतड्याला ते थोपवता येत नाहीत. सोनं नुसतं कपाळाला टेकवा.

डाव्या हाताचं उत्तर परदेशातून आलं.

आपल्या लग्नात कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या क्रमात अंगठी बदलण्याचा विधी कुठेच नाही. साखरपुड्यात ती नंतर येऊन बसली, आणि येताना आपलं बोटही घेऊन आली. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक औलस गेलियस लिहितो की इजिप्तमधल्या लोकांना शरीर उघडून बघताना त्या बोटातून थेट हृदयाकडे जाणारी एक बारीक नस सापडली होती. पुढे शेकडो वर्षं युरोपात ही नस प्रेमाची म्हणून मिरवली. प्रत्यक्षात अशी वेगळी नस नाही, पाचही बोटांचं रक्त सारख्याच वाटांनी परततं. इंग्लंडच्या चर्चने १५४९च्या प्रार्थनापुस्तकात डाव्या हाताचं चौथं बोट नेमून दिलं आणि इंग्रजांबरोबर ते सगळीकडे गेलं. जर्मनी, पोलंड, रशिया, नॉर्वे इथे लग्नाची अंगठी आजही बहुतेक जण उजव्याच हातात घालतात. तेव्हा आईने धरलेला उजव्या हाताचा आग्रह जुनाट म्हणून मोडीत काढायचं काही कारण नाही. आपल्याकडे जोडव्यांबद्दलही असाच मजकूर फिरत असतो, पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटातून नस म्हणे गर्भाशयाकडे जाते. शरीरशास्त्रात तिलाही आधार नाही. जोडवी घालायला सवाष्णपणाची खूण एवढं कारण पुरेसं होतं, नसेची भर नंतर पडली.

मग इतक्या दूरदूरच्या लोकांना अंगठीसाठी हेच बोट का सुचलं असावं? मला पटतं ते कारण तपासून बघता येतं. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून आत घ्या आणि उरलेली बोटं एकेक करून उचला. अंगठा उचलला जाईल, तर्जनी उचलली जाईल, करंगळीही उचलली जाईल. अनामिका जागची हलत नाही. बोटं उचलणारा मोठा स्नायू चौघांत मिळून एक आहे आणि हाताच्या पाठीवर त्याच्या दोऱ्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या आहेत. तर्जनीला आणि करंगळीला स्वतःचा एकेक जादा स्नायू आहे, अनामिकेला तो नाही. मिठाची चिमूट, पेन, विळीवरची भाजी, सुईदोरा, सगळं अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांच्यावर. करंगळी हाताची कड सांभाळते आणि बादलीची कडी पकडायला जोर देते. अनामिका शेजारणींबरोबर हलते, एकटीने फारसं काही करत नाही, दोन्ही बाजूंनी झाकलेली राहते. तिथली अंगठी सगळ्यांत कमी आपटते, कमी झिजते. उजवा हात कामाचा असेल तर डाव्या हातात आणखी कमी. कणीक मळणाऱ्या हाताकडे बघावं. उजव्या हातातल्या खड्याच्या अंगठीत कोंदणाखाली पीठ जाऊन बसतं, वाळून कडक होतं, आणि ते टोकरताना खडा धरून ठेवणारे प्रॉंग वाकतात. प्रॉंग वाकला की खडा आधी नुसता हलतो. अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारली तर बारीक खुळखुळ ऐकू येते, आणि त्यानंतरच कधीतरी तो पडतो.

मापाबद्दल पेढीवर फारसं बोललं जात नाही, आणि बिघडतं बहुतेक तिथेच. आपल्याकडचा नंबर सोपा आहे, आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजून त्यातून ४० वजा करायचे. घेर ५२ असेल तर नंबर १२, ५४ असेल तर १४. म्हणजे एका नंबराचा फरक घेरात फक्त १ मिलिमीटर. घरी दोऱ्याने मोजून आणलेलं माप हमखास चुकतं ते यामुळे, दोरा तेवढा सहज ताणला जातो. त्यापेक्षा ५ मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी कापा, बोटाच्या मुळाशी गुंडाळा, खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. पेराची गाठ मुळापेक्षा जाड असेल तर दोन्हीकडे मोजून गाठीच्या जवळचं माप धरा. कामाच्या हाताचं बोट थोडं जाड असतं, त्यामुळे त्या मुलीच्या दोन अनामिकांमध्ये एका नंबराचा फरक निघाला यात नवल नाही. पुण्यात डिसेंबरात सकाळी टेकडीवरून उतरल्यावर माप द्यायला जाऊ नये, थंडीने बोट आक्रसलेलं असतं. ती अंगठी एप्रिलच्या दुपारी रुतते. संध्याकाळी, हात नेहमीसारखे उबदार असताना माप द्यावं. अंगठी पेरावरून जाताना थोडी अडली पाहिजे आणि काढताना किंचित फिरवावी लागली पाहिजे. अंगठीची पट्टी ६ मिलिमीटरहून रुंद असेल तर एक नंबर वाढवून घ्यावा, कारण रुंद पट्टीखाली कातडीला सरकायला जागा नसते. पेर जाड आणि मूळ बारीक असेल तर माथा सारखा फिरून तळव्याकडे येतो. त्याला लहान अंगठी हा उपाय नव्हे. आतल्या बाजूला सोन्याचे दोन बारीक दाणे झाळून घेतले की अंगठी जागेवर राहते.

सोन्याचा कसही बोट बघूनच ठरवावा. गुरुपुष्याला घेतात ती वेढणी चोवीस कॅरटची. ती हाताने वाकते, म्हणून रोज घालायची नाही, साठवायची. साध्या वळ्याला २२ कॅरट, म्हणजे ९१६चा शिक्का. हिऱ्याला बहुधा १८ कॅरट, ७५०चा, कारण बावीसचे प्रॉंग मऊ पडतात. एकाच बोटात दोन अंगठ्या घातल्या की त्या एकमेकींना घासतात, आणि शेजारी हिरा असेल तर सोन्याची बाजू खात सुटतो.

ग्रहांच्या खड्यांचं कोष्टक सर्वांना पाठ आहे. तर्जनीत पुष्कराज, मध्यमेत नीलम, अनामिकेत माणिक, करंगळीत पाचू. नवरत्नाच्या अंगठीत माणिक मधोमध आणि बाकीचे आठ भोवती. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती निःसंकोच जपावी. मला एवढंच सांगावंसं वाटतं की खडा आणि बोट यांची जोडी जमवताना खड्याच्या अंगचा कठीणपणाही विचारात घ्या. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, एक ते दहाच्या मापावर त्यांचा कठीणपणा ७. हिरा १०, माणिक, नीलम आणि पुष्कराज ९, यांना धूळ ओरखडत नाही. पाचू साडेसातच्या वर असला तरी त्याच्या पोटात बारीक भेगा असतात आणि त्यांत बहुधा तेल मुरवलेलं असतं. मोती साडेचारच्याही खाली, पोवळं चारच्या आत. मोती करंगळीत घालून रोज लिहिणाऱ्या माणसाच्या खड्याची टेबलाकडची बाजू वर्षा-दोन वर्षांत निस्तेज होते. ग्रहाचा खडा कातडीला टेकावा म्हणून कोंदण खालून उघडं ठेवतात, त्यामुळे घाम, साबण, लिंबाचा रस थेट खड्याला लागतो. मोती आणि पोवळं दोन्ही चुन्याच्या जातीचे, आंबट लागलं की वरचा थर विरघळतो. सरबत करताना ती अंगठी काढून ठेवा. पाचूची अंगठी अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायला देऊ नका, भेगांमधलं तेल निघून जातं आणि कालपर्यंत न दिसणाऱ्या भेगा उघड्या पडतात.

अंगठ्याचं सांगायचं तर तिथली अंगठी मुळात धनुर्धराची. मध्य आशियातून आलेल्या रीतीत प्रत्यंचा अंगठ्याने ओढतात, ती सुटताना कातडी सोलू नये म्हणून शिंगाचं, हस्तिदंताचं किंवा जेडचं कडं अंगठ्यात घालायचे. मुघलांनी त्यावर रत्नं जडवली आणि ते दरबारी झालं. घोड्याच्या नालाची लोखंडी अंगठी मध्यमेत घालतात, शनीसाठी. तिला पाणी लागलं की गंज येतो आणि बोटावर काळा पट्टा उमटतो, तो निव्वळ गंजाचा. तुळशीबागेत जोडवी घेताना जर्मन सिल्व्हर असेल तर खाज सुटू शकते. त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेल पुष्कळांना सोसत नाही.

आता रुतलेल्या अंगठीबद्दल. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हात सुजतात, म्हणून डोहाळजेवणाला अंगठ्या मिरवून झाल्या की लगेच काढून ठेवाव्यात. अंगठी अडकलीच तर ओढाताण करू नये, त्याने सूज वाढते. हात पाच-दहा मिनिटं डोक्याच्या वर धरा, मग गार पाण्यात, मग साबण लावून फिरवत काढून बघा. नाही निघाली तर हातभर मजबूत, गुळगुळीत दोरा घ्या. एक टोक अंगठीखालून तळव्याकडे काढा. लांब टोक अंगठीच्या कडेपासून नखाच्या दिशेने, वेढ्याला वेढा लावून, पेराच्या पुढेपर्यंत घट्ट गुंडाळा. मग तळव्याकडचं आखूड टोक नखाच्या दिशेने उलगडत न्या. दोरा सुटत जातो आणि अंगठी त्याच्यामागून सरकत येते. बोट निळं पडलं असेल किंवा बधिर झालं असेल तर हे काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. सोनं-चांदी कटरने चटकन कापली जाते. टंगस्टनचं कडं कापता येत नाही, ते दाबून फोडावं लागतं, हे विकत घेतानाच माहीत असलेलं बरं. आणि यंत्रावर काम करणाऱ्याने, भिंतीवरून उडी मारणाऱ्याने अंगठी काढूनच हात घालावा. अडकलेली अंगठी बोटाची कातडी नसांसकट सोलून नेते.

कापलेली अंगठी वाया जात नाही. सराफाकडे येणाऱ्या जुन्या अंगठ्यांमध्ये अशा कापलेल्या आणि आजी-आजोबांच्या मागे राहिलेल्या बऱ्याच असतात, आणि पहिला सल्ला मिळतो तो मोडीत घालण्याचा. तो ऐकण्याआधी ती अंगठी घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक बोटात घालून बघावी. आजीची १४ नंबरची अंगठी नातवाच्या करंगळीत काही न करता बसू शकते. बसली नाही तरी वाढवता येते. साधं वळं एक-दोन नंबर ठोकून ताणता येतं, फक्त तेवढं पातळ होतं. त्याहून जास्त हवं असेल तर तुकडा घालून झाळावं लागतं. ४ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पट्टीला तीन नंबर वाढवायला बावीस कॅरटचं सुमारे ०.३२ ग्रॅम सोनं पुरतं. त्याहून फार जास्त लावलं असेल तर हिशेब मागा. काप खड्याच्या बरोबर समोर, तळव्याकडच्या बाजूला घ्यायला सांगा, पण आतला हॉलमार्क, एचयूआयडी म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक किंवा जुन्या सराफाचा शिक्का त्या जागी असेल तर काप बाजूला सरकवा. मोती, पोवळं, पाचू असेल तर झाळण्याआधी खडा काढून घ्या, ज्योतीची आच त्यांना सोसत नाही. सगळीकडून हिरे जडवलेलं कडं असेल तर ते वाढवता येत नाही, दुसरं बोट शोधा. आणि देताना वजन तुमच्या समोर करून पावतीवर लिहून घ्या, परत घेताना पुन्हा करा. पॉलिशमध्ये थोडी घट येते, ती किती धरणार हे काम सुरू होण्याआधीच विचारायचं.